लोखंडी कढई आणि ॲल्युमिनियमची कढई: दोन्ही रोज वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तुळशीबागेतून दोन कढया आणल्या. एक पत्र्याची, ठोकून केलेली लोखंडी. दुसरी जाड ॲल्युमिनियमची, घरातली मोठी माणसं जिला अजून जर्मलची म्हणतात तसली. व्यास जवळपास सारखा. आता उन्हाळा आला, दोन्ही रोज गॅसवर चढतात, आणि 'कोणती घेऊ?' असं विचारणाऱ्यांना तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधीच सांगते, 'लोखंड चांगलं, ॲल्युमिनियम विष' या एका ओळीत हा विषय संपत नाही. दोन्ही धातूंचा सगळा स्वभाव त्यांच्या पृष्ठभागावर जो ऑक्साइडचा थर बसतो त्यात आहे. तो थर कुणाचा टिकतो, कुणाचा सुटतो आणि स्वयंपाकघरात त्याला कोण खातं, एवढं कळलं की कुठल्या कढईत काय करायचं हे आपोआप समजतं.

पण पहिल्यांदा वजन आणि उष्णता, कारण हाताला आधी तेच कळतं. लोखंडाची घनता ७.८७ ग्रॅम प्रति घन सेंमी, ॲल्युमिनियमची २.७०. म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. प्रत्यक्षात माझी लोखंडी कढई तिप्पट जड नाही, दीडपटीच्या जरा वर असेल, कारण लोखंडाचा पत्रा पातळ असतो आणि ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे ते जाड घ्यावं लागतं. ही जाडीच पुढच्या सगळ्या हिशेबात गडबड करते. 'लोखंड उष्णता धरून ठेवतं' असं सगळे म्हणतात. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापवायला ०.९० जूल लागतात आणि एक ग्रॅम लोखंडाला ०.४५, म्हणजे वजनाला वजन लावलं तर ॲल्युमिनियमच दुप्पट उष्णता साठवतं. जाडी सारखी असेल तर लोखंड साधारण दीडपटीने पुढे जातं, कारण ते जड आहे. माझ्या दोन कढयांत पत्रा पातळ आणि ॲल्युमिनियम जाड, त्यामुळे या बाबतीत उलट ॲल्युमिनियमचीच जरा पुढे निघते. उष्णता धरून ठेवण्याची ख्याती खरं म्हणजे बिडाच्या तव्याची आहे. तो जाडजूड असतो म्हणून आंबोळीचं गार पीठ पडलं तरी निवत नाही. पत्र्याच्या कढईला ते श्रेय उगाच मिळतं.

उष्णता पसरवण्यात मात्र सरळ सरळ ॲल्युमिनियम जिंकतं. उष्णतावाहकता ॲल्युमिनियमची सुमारे २३७, लोखंडाची सुमारे ८० (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन), बिडाची त्याहूनही कमी. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या कढईच्या बुडाशी मूठभर कणीक पातळ पसरा आणि मध्यम आचेवर ठेवा. लोखंडी कढईत बर्नरच्या ज्योती जिथे लागतात तिथे आधी तपकिरी कडं उमटतं, बाकीची कणीक पांढरीच राहते. ॲल्युमिनियममध्ये सगळीकडे बऱ्यापैकी एकसारखा रंग येतो. म्हणून दूध आटवणं, रवा भाजणं, पुरण घोटणं ही कामं मी ॲल्युमिनियमकडे दिली आहेत, बुडाला लागायची भीती कमी. त्याची दुसरी बाजू अशी, की त्या कढईचे कान पाच मिनिटांत हात लावू देत नाहीत. लोखंडीचे कान बराच वेळ सोसवतील इतकेच तापतात.

आणि लोखंडाचा हा दोष पिठल्यात गुण होतो! मधला भाग जास्त तापतो म्हणून पिठल्याची खरवड मध्यभागी छान धरते आणि कढई नीट तयार झालेली असेल तर उलथन्याने अखंड पापुद्रा सुटून येतो. ॲल्युमिनियमच्या कढईत खरवड धरते, पण निघताना तुकडे तुकडे होऊन निघते आणि निम्मी कढईलाच राहते. आमच्याकडे खरवडीवरून भांडणं होतात, त्यामुळे हा मुद्दा लहान नाही.

आता त्या थराकडे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज. गंजाची अडचण अशी की तो लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सच्छिद्र असतो, फुगून सुटतो आणि खालचं नवं लोखंड पुन्हा उघडं पडतं. त्यात मीठ असेल तर काम आणखी वेगाने होतं. पावसाळ्यात रात्री धुऊन नुसती पालथी घातलेली कढई सकाळी नारिंगी दिसते. याला अपवाद नाही असं नाही. दिल्लीतला कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे पृष्ठभागावर एक चिवट, राखणारा थर तयार झाला. बाजारातल्या कढईत ती सोय नाही. थर आपणच बसवायचा.

त्याची रीत सगळ्यांना माहीत आहे: दुकानातून आलेलं तेलकट काळं साबणाने काढायचं, आचेवर कडकडीत कोरडी करायची, फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, धूर निघेपर्यंत तापवायची, आणि हे पुन्हा पुन्हा. यात घडतं असं, की तेलातले असंपृक्त मेदाम्ल तापल्यावर एकमेकांना जोडले जाऊन कडक, काळपट, पाण्याला न जुमानणारा पापुद्रा बनतो. तेल जाड लावलं तर तो पापुद्रा चिकट राहतो, हे ज्यांची कढई कायम चिकट असते त्यांनी ध्यानात घ्यावं. मी शेंगदाण्याचं तेल वापरते. पहिले काही आठवडे काही विशेष वाटत नाही. साधारण गणपतीपर्यंत भेंडी न चिकटता परतायला लागली, दिवाळीत चकल्या-शंकरपाळे तळून झाल्यावर कढई खरी तयार झाली. तळण हेच उत्तम सीझनिंग.

कामाला येणाऱ्या मावशींना मात्र ती कढई बघवत नव्हती. "ताई, किती काळी पडलीय ही, तारेच्या घासणीनं लख्ख करून देऊ का?" त्यांच्या दृष्टीने ते प्रेमच होतं. आता लोखंडी कढई मीच धुते, गरम पाण्याने आणि काथ्याने, आणि लगेच गॅसवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवते. ज्यांच्याकडे हे करायला दोन मिनिटं नसतील त्यांनी लोखंडाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲल्युमिनियमला ही चाकरी लागत नाही. खरं तर ॲल्युमिनियम हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील धातू. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो, आणि तो घट्ट चिकटतो, सुटत नाही. जाडी किती, तर मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार. एवढ्याशा थराच्या जोरावर कढई वर्षानुवर्षं टिकते. ओरखडा पडला तरी क्षणात नवा थर येतो.

अडचण अशी की हा थर आम्लातही विरघळतो आणि सोड्यासारख्या अल्कलीतही. म्हणजे आपल्या स्वयंपाकातल्या निम्म्या गोष्टी त्याच्या मुळावर. आमसुलाची आमटी एकदा उकळून बघा: आमटीच्या पातळीपर्यंत कढई लख्ख, त्याच्या वर जुना मळकट रंग. ती लकाकी म्हणजे विरघळलेला थर, तो आमटीबरोबर पोटात गेला. उलट नुसतं पाणी उकळलं तर आतून काळपट. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं तेव्हा हे फार होतं. त्या पाण्यातले बायकार्बोनेट उकळताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाणी अल्कली बनतं आणि कढई काळवंडते. चिंचेच्या चोथ्याने ते पुन्हा निघतं. धुण्याचा सोडा तर कधीच लावू नये, बुडबुडे येताना दिसतात, तो हायड्रोजन असतो आणि तेवढा धातू गेलेला असतो. मिठाचा प्रकार आणखी वेगळा. खारट रस्सा रात्रभर राहिला तर बुडाला टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके खड्डे पडतात आणि ते घासून जात नाहीत. माझ्या कढईला असे खड्डे आहेत.

दोन्ही कढया ओल्या असताना एकात एक घालून ठेवायच्या नाहीत. दोन धातू आणि मध्ये खारट ओल म्हणजे छोटा विद्युतघट, त्यात ॲल्युमिनियम झिजतं. जिथे टेकलं तिथे पांढरी भुकटी दिसते.

आंबटाच्या बाबतीत लोखंडही साधू नाही. टोमॅटो, चिंच, कोकम घातलं की लोखंड विरघळतं, भाजीला रक्तासारखी चव येते आणि मेहनतीने बसवलेला तेलाचा थरही पातळ होतो. शिवाय रंग. वांगी, कच्ची केळी, केळफूल, आवळा यांत टॅनिन आणि त्यांच्या जातीची द्रव्यं असतात, लोखंडाशी गाठ पडली की काळी-निळी होतात. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच रसायनावर चालायची. भरली वांगी चवीला फक्कड झाली होती, पण पाहुण्यांनी पानात वाढल्यावर जरा विचार केला. तेव्हापासून पाहुण्यांची वांगी स्टीलच्या कढईत.

तब्येतीचं बोलल्याशिवाय कुणी सोडत नाही, म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामुळे लोखंडी भांड्यातून उतरणाऱ्या लोहाचा उपयोग आहेच. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ओलसर, आंबट आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत लोह जास्त उतरतं. म्हणजे जिथे चव बिघडते नेमकं तिथेच लोह मिळतं! कोरड्या परतलेल्या भाजीत फारसं उतरत नाही. ज्यांच्या अंगात लोह साठतं, उदाहरणार्थ थॅलेसेमियाचे रुग्ण, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. निरोगी मूत्रपिंड ॲल्युमिनियम बाहेर टाकतात, ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी जपावं. मी स्वतः ॲल्युमिनियममध्ये आंबट शिजवत नाही आणि शिजवलेलं त्यात ठेवत नाही, बाकी काळजी करत नाही.

इंडक्शनवर साधं ॲल्युमिनियम चालत नाही. लोखंड चालतं, पण बूड सपाट हवं, आणि ठोकलेल्या कढईचं ते नसतं. रिकामी कढई आचेवर विसरण्याची सवय असेल तर लक्षात असू द्या, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, लोखंड १५३८ला. बाजारात काळी हार्ड-ॲनोडाइज्ड भांडी मिळतात ती वेगळी काही नाहीत: ॲल्युमिनियमच, फक्त तोच ऑक्साइडचा थर आम्लाच्या द्रावणात वीज सोडून हजारो पटींनी जाड केलेला. आंबटाला ती जास्त दाद देत नाहीत, पण सोड्याला देतात.

घेताना दुकानात कानांचे रिबिट बघा. ॲल्युमिनियमच्या कढईला ॲल्युमिनियमचेच हवेत. माझ्या कढईला लोखंडी ठोकले होते, पावसाळ्यात त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली आणि एक कान हलायला लागला. दुकानदाराने 'वापरामुळे होतं' म्हणून हात झटकले. कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याने ते काढून ॲल्युमिनियमचे ठोकून दिले, तेव्हापासून कान पक्का आहे.