ईएसएक्सआय होस्टवर स्टोरेज अडॅप्टरचं मॉनिटरिंग: टेलिग्राफ + ग्राफाना, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

टेलिग्राफचं (आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम) व्हीस्फिअर प्लगइन, मागे ते साठवायला इन्फ्लक्सडीबी आणि समोर ग्राफ दाखवायला ग्राफाना असा सेटअप आमच्या ईएसएक्सआय होस्टवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे व्हीएमवेअरचे सर्व्हर) आता बरेच महिने चालू आहे. सीपीयू-मेमरीचे ग्राफ सगळेच लावतात, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही, त्यामुळे इथे फक्त स्टोरेज अडॅप्टरबद्दल, म्हणजे होस्टला स्टोरेजशी जोडणारी फायबर चॅनलची (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) एचबीए कार्डं, रेड कंट्रोलर (होस्टमधल्या डिस्क सांभाळणारं कार्ड), सॉफ्टवेअर आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज) वगैरे जे होस्टमध्ये व्हीएमएचबीए२, व्हीएमएचबीए३ अशा नावांनी दिसतात ते. मत आधीच सांगून टाकतो: सेटअप चांगलाय, काढणार नाही, पण लेटन्सीच्या (एका कमांडला लागणारा वेळ) ज्या ग्राफसाठी एवढा खटाटोप केला त्याच्याकडे आता फारसं कोणी बघत नाही, भलताच ग्राफ उपयोगी पडला.

व्हीसेंटरचे (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर) स्वतःचे चार्ट असताना हे कशाला, असं आमच्याकडेही विचारलं गेलं. तर व्हीसेंटर रिअलटाइमला २० सेकंदांचं सॅम्पल दाखवतो पण ते साधारण तासभरच राहतं, त्यानंतर दिवसभरासाठी ५ मिनिटांची सरासरी, आठवड्यासाठी ३० मिनिटांची, महिन्यासाठी २ तासांची, असं पातळ होत जातं. त्यात डिफॉल्ट स्टॅटिस्टिक्स लेव्हल १ असते आणि अडॅप्टरचे बहुतेक काउंटर लेव्हल २ चे, म्हणजे जुना डेटा पातळ सोडा, साठवलाच जात नाही. रात्री बॅकअपच्या वेळी काहीतरी अडलं आणि सकाळी येऊन बघायला गेलात तर हातात शून्य. लेव्हल वाढवता येते, पण मग व्हीसेंटरचा डेटाबेस फुगतो. त्यापेक्षा २० सेकंदांचं सॅम्पल बाहेर ओढून आपल्याकडे ठेवलेलं बरं.

लावायला अवघड नाही. प्लगइनच्या नमुना कॉन्फिगमध्ये अडॅप्टरचे रीड-राइट काउंट आणि थ्रूपुट आहेत, लेटन्सीचे दोन काउंटर (टोटल रीड लेटन्सी, टोटल राइट लेटन्सी) आपल्या हाताने टाकून घ्यायचे, होस्टचे इन्स्टन्स चालू ठेवायचे म्हणजे प्रत्येक अडॅप्टर वेगळा दिसतो, नाहीतर सगळं एकात मिसळून येतं. डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) आणि क्लस्टरचे काउंटर त्याच ब्लॉकमध्ये कोंबू नका, ते ५ मिनिटांच्या हिशोबाने येतात आणि हळू येतात, त्यांना ३०० सेकंदांचा वेगळा ब्लॉक द्या. आणि क्वेरी फेल होत असेल तर व्हीसेंटरमध्ये एका क्वेरीत किती मेट्रिक मागता येतात त्याची मर्यादा असते, डिफॉल्ट ६.५ पासून २५६, त्याआधी ६४, तिकडे एकदा बघा. बस, एवढंच.

आता लेटन्सीच्या ग्राफचं. व्हीसेंटर हा आकडा पूर्ण मिलिसेकंदातच देतो, दशांश नाही. फिरत्या डिस्कच्या जमान्यात ८ आणि १२ मधला फरक कळायचा तेव्हा हे चालून जायचं, पण ऑल-फ्लॅश ॲरेवर (फक्त फ्लॅश डिस्क असलेला सामायिक स्टोरेज बॉक्स) खरा आकडा अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे ग्राफवर शून्याची आडवी रेघ आणि मधेच कुठेतरी १ ची काडी. तीच लेटन्सी दुप्पट झाली तरी रेघ तिथेच. वॉलवरच्या मोठ्या स्क्रीनवर छान दिसतं, सगळं शांत शांत.

दुसरं म्हणजे सरासरी. समजा एका अडॅप्टरवरून सेकंदाला २००० आयओ (रीड-राइट) चाललेत, १ मिलिसेकंदाने. २० सेकंदांतल्या एका सेकंदात काहीतरी अडकलं आणि लेटन्सी २०० वर गेली. लोकांना वाटतं सरासरी निदान ११ तरी दिसेल. नाही दिसत. कारण अडकलेल्या सेकंदात पूर्ण होणारे आयओच कमी असतात, क्यू (एका वेळी चालू राहू शकणाऱ्या कमांड) ६४ ची असेल तर त्या सेकंदात जेमतेम ३२० होतील, बाकीच्या १९ सेकंदांत ३८,००० झालेले असतात, त्यामुळे हिशोब करून येतं २.७ च्या आसपास. म्हणजे युजर ओरडतोय की ॲप्लिकेशन गोठलं आणि ग्राफ म्हणतोय दोन-तीन, ठीक आहे की. जितकं वाईट अडकेल तितके कमी आयओ मोजले जातात, गंमतच आहे. आणि मॅक्स टोटल लेटन्सी नावाचा काउंटर बघून हरखू नका, तो एखाद्या कमांडचा सर्वात वाईट वेळ देत नाही, होस्टवरच्या अडॅप्टरांपैकी ज्याची लेटन्सी जास्त त्याचा आकडा देतो, एवढंच.

मग कामाला काय आलं? एकाच होस्टमधल्या जोडीतल्या दोन अडॅप्टरचे आयओपीएस (सेकंदाला किती आयओ) एकाच पॅनलवर एकमेकांवर टाकलेले. फायबर चॅनलमध्ये प्रत्येक होस्टला दोन एचबीए, दोन वेगळ्या फॅब्रिकमध्ये (स्विचच्या जाळ्यांमध्ये), राउंड रॉबिन (आयओ पाळीपाळीने दोन्ही वाटांनी) चालू, त्यामुळे दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर बसायला हव्यात. लोड वाढो, कमी होवो, रात्री बॅकअप सुरू होवो, दोघी बरोबरच हलतात. थ्रेशोल्ड किती ठेवायचा हा वादच नाही, कारण तुलना शेजाऱ्याशी आहे, कुठल्या तरी पुस्तकी आकड्याशी नाही. रेघा फाटल्या की बघायला जायचं. फक्त एक, राउंड रॉबिनमध्ये डिफॉल्टला १००० आयओनंतर पाथ बदलतो, लोड कमी असेल तर त्याने थोडं खालीवर दिसतं, बऱ्याच ॲरेंसाठी तो आकडा १ करायला सांगतात. ६.७ अपडेट १ पासून लेटन्सी बघून पाथ निवडणारा प्रकारही आला, आमच्याकडे तोच आहे, आणि पुढची गोष्ट त्याच्यामुळेच लवकर दिसली.

झालं असं की एका होस्टवरच्या दोन-तीन व्हीएम अधूनमधून हँग व्हायच्या. अर्धा मिनिट गोठायच्या, मग जसं काही झालंच नाही. ॲप्लिकेशनवाले म्हणायचे स्टोरेज, स्टोरेज सांभाळणारा म्हणायचा, "सर, ॲरेवर सगळं हिरवं आहे, अर्ध्या मिलिसेकंदाच्या वर काही नाहीये." आणि तो खोटं बोलत नव्हता, ॲरे आपल्यापर्यंत पोचलेल्या कमांडचाच वेळ मोजणार ना, जी वाटेत हरवली ती त्याच्या हिशोबात येईलच कशी. अडॅप्टर लेटन्सीचा ग्राफही सपाट, कधीतरी १. पण जोडीच्या पॅनलवर व्हीएमएचबीए३ ची रेघ व्हीएमएचबीए२ च्या खाली उतरलेली, पाथ निवडणाऱ्या पॉलिसीने स्वतःच तिकडे आयओ पाठवणं कमी केलेलं. बाकी सगळ्या होस्टवर जोड्या जुळलेल्या आणि या एकावरच फाटलेली, म्हणजे ॲरे किंवा अख्खं फॅब्रिक नाही, याच होस्टची ती एक बाजू.

होस्टवर जाऊन ईएसएक्ससीएलआय स्टोरेज सॅन एफसी स्टॅट्स गेट ही कमांड चालवली. यात लिंक फेल्युअर, लॉस ऑफ सिंक, लॉस ऑफ सिग्नल, इनव्हॅलिड ट्रान्समिशन वर्ड, इनव्हॅलिड सीआरसी (वाटेत खराब झालेल्या फ्रेम) असे काउंटर येतात. नुसता मोठा आकडा बघून काही कळत नाही, तो कधीचा साठलेला असेल सांगता येत नाही, म्हणून थोडं थांबून परत चालवली. व्हीएमएचबीए२ चे सगळे जिथल्या तिथे, व्हीएमएचबीए३ चा सीआरसी वाढलेला. फायबर चॅनलमध्ये स्टोरेजचा ट्रॅफिक क्लास ३ ने जातो, म्हणजे फ्रेम खराब झाली तर ती टाकून दिली जाते, खालच्या थरात कोणी परत पाठवत नाही. मग ती स्कझी कमांड टाइमआउटपर्यंत बसून राहते, अबॉर्ट होते, पुन्हा जाते. आता परत सरासरीचा हिशोब करा: २० सेकंदांत ४०,००० आयओ आणि त्यातली एक कमांड ३० सेकंद अडकली तर सरासरीत भर किती, पाऊण मिलिसेकंद! ग्राफवर दिसणार काय, कपाळ.

स्विचवर त्या पोर्टचे एरर काउंटर मात्र स्वच्छ, आणि रिसीव्ह पॉवरही नॉर्मल. इथे नेटवर्कवाल्याशी बरीच हुज्जत झाली. पण स्विच जे मोजतो ते होस्टकडून स्विचकडे येणाऱ्या प्रकाशाचं, आणि खराबी होती उलट्या दिशेला, स्विचकडून होस्टकडे जाताना, ती होस्टच्याच काउंटरमध्ये दिसणार. स्विचच्या एसएफपीची (पोर्टमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा मॉड्यूल) ट्रान्समिट पॉवर शेजारच्या पोर्टशी ताडून बघितली तर बरीच कमी निघाली. आधी पॅच कॉर्डची टोकं साफ केली, फरक नाही, मग एसएफपी बदलला आणि सीआरसी जागेवर थांबला. रेघा परत एकावर एक.

तेव्हापासून हे एरर काउंटरही गोळा करतो, पण ते टेलिग्राफच्या व्हीस्फिअर प्लगइनमधून येत नाहीत, व्हीसेंटरच्या परफॉर्मन्स काउंटरमध्येच ते नाहीत. वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागली, पॉवरसीएलआयमधलं (व्हीएमवेअरचं स्क्रिप्टिंगचं साधन) गेट-ईएसएक्ससीएलआय वापरून, म्हणजे होस्टवर एसएसएच उघडं ठेवावं लागत नाही, आणि टेलिग्राफच्या एक्झेक प्लगइनमधून ते इन्फ्लक्समध्ये जातं. होस्ट रीबूट झाला की काउंटर शून्यावर येतात, म्हणून ग्राफमध्ये आकडा नाही, फरक काढायचा, तोही नकारात्मक फरक वगळून. माझ्या मते सगळ्यात जास्त किंमत वसूल झाली ती या स्क्रिप्टची.

रेड कंट्रोलरवाल्या होस्टची कथा वेगळी. तिथे जोडीच नसते, मग दुसऱ्या होस्टशी तुलना. एकदा एका होस्टची राइट लेटन्सी एका ठरावीक क्षणापासून पायरीसारखी वर गेली आणि तिथेच राहिली, रीड मात्र होते तसेच. अशी पायरी फक्त राइटमध्ये दिसली की पहिला संशय कॅशच्या बॅटरीवर घ्यायचा, बॅटरी गेली की कंट्रोलर राइट-बॅकवरून (कॅशमध्ये घेतलं की झालं) राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहिलं की मगच झालं) येतो. तेच होतं.

ईएसएक्सटॉप (होस्टवर लाइव्ह आकडे दाखवणारं टूल) सुटलाय का? अजिबात नाही. इथून फक्त कुठल्या होस्टवर, कुठल्या अडॅप्टरवर, किती वाजता हे कळतं, पुढचं सगळं ईएसएक्सटॉपमध्ये. डी दाबलं की अडॅप्टर, यू दाबलं की लन (ॲरेने होस्टला दिलेली डिस्क), व्ही दाबलं की व्हीएम. दशांशासकट आकडे तिथेच मिळतात आणि रिफ्रेश ५ वरून २ सेकंदांवर आणता येतो. शिवाय व्हीसेंटरचा अडॅप्टरचा आकडा हा कर्नल आणि डिव्हाइस मिळून असतो, ईएसएक्सटॉप तोडून देतो: डीएव्हीजी म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरपासून खाली ॲरेपर्यंत जाऊन यायचा वेळ, केएव्हीजी म्हणजे व्हीएमकर्नलमध्ये गेलेला, दोघांची बेरीज जीएव्हीजी. डीएव्हीजी २५ च्या वर किंवा केएव्हीजी २ च्या वर टिकून राहिला तर लक्ष द्या असं जुन्या लोकांचं गणित, फ्लॅशवर २५ म्हणजे फारच झालं, पण केएव्हीजीचं अजून चालतं. केएव्हीजी चढला तर बहुतेक वेळा क्यू भरलेली असते, लनसमोर क्यूड (रांगेत थांबलेल्या कमांड) कॉलम शून्याच्या वर दिसेल. लगेच क्यू डेप्थ वाढवायला धावू नका मात्र. ३२ ची क्यू अर्ध्या मिलिसेकंदाला ६४,००० आयओपीएस देते, ५ मिलिसेकंदाला ६,४००. क्यू भरतेय ती बऱ्याचदा खालचं हळू झालंय म्हणून, आणि वाढवून दिली तर तीच गर्दी ॲरेच्या दारात.

अलर्टबद्दल एकच, लेटन्सीवर अलर्ट लावताना आयओपीएसची अट जोडा. रिकाम्या अडॅप्टरवर दहा-वीस कमांड गेल्या आणि त्यातली एक हळू झाली की सरासरी उडते आणि रात्री फोन वाजतो. जोडीतल्या फरकाचा अलर्टही असाच, लोड असतानाच चालू.

काही गोष्टी यात दिसणारच नाहीत. एनएफएस डेटास्टोअर स्टोरेज अडॅप्टरमधून जातच नाही, तो नेटवर्कने जातो, त्यामुळे सगळं एनएफएसवर असेल तर या पॅनलचा उपयोग नाही, डेटास्टोअरचे काउंटर आणि नेटवर्क कार्डाचे ड्रॉप बघा. सॉफ्टवेअर आयस्कझीचा व्हीएमएचबीए दिसतो पण खाली दोन नेटवर्क कार्डं असली तरी अडॅप्टर एकच, म्हणजे जोडीची युक्ती तिथे चालत नाही, पाथनुसार काउंटर घ्यावे लागतात. आणि व्हीएमएचबीएचे नंबर सगळ्या होस्टवर सारखे असतीलच असं नाही, एका ठिकाणी २-३ तर दुसरीकडे ४-५, डॅशबोर्ड करताना हे मॅपिंग हाताने करावं लागलं, कंटाळवाणं काम.

केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवाल्यांना (ईएसएक्सआयऐवजी लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्यांना) हे सोपं पडेल, होस्टवर साधं लिनक्स असल्यामुळे टेलिग्राफ तिथेच बसतो, एफसीचे सगळे काउंटर सिस-क्लास-एफसी-होस्टच्या खाली फाइलमध्ये मिळतात (आकडे हेक्समध्ये असतात, बदलून घ्या), आणि आयओस्टॅटमध्ये आर-अवेट, डब्ल्यू-अवेट वेगवेगळे, दशांशासकट. फक्त तिथल्या युटिल टक्क्यावर जाऊ नका, समांतर आयओ घेणाऱ्या फ्लॅशवर तो १०० दाखवत असतानाही बरीच जागा शिल्लक असते.

दोन-तीनच होस्ट असतील तर एवढं सगळं उभं करायच्या भानगडीत मी पडलो नसतो. एरर काउंटरची स्क्रिप्ट रोज एकदा चालवून कालच्याशी फरक मेल केला आणि अडचण आली की ईएसएक्सटॉप बॅच मोडमध्ये लावून सीएसव्ही काढली तरी भागतं. बॅच मोडमध्ये सगळे काउंटर घेतले तर फाइल भराभरा वाढते, ती होस्टच्या लोकल स्क्रॅचवर टाकू नका, मोठ्या डेटास्टोअरवर पाठवा.