डॉक्युमेंट अचानक रीड-ओन्ली झालं: कॉपी काढून मोकळं व्हायचं की लॉक शोधायचं?

काल रात्री सेव्ह करून बंद केलेली फाइल सकाळी उघडावी आणि वरच्या पट्टीत नावाशेजारी 'रीड-ओन्ली' (म्हणजे फक्त वाचा, बदलता येणार नाही) दिसावं, हे आपल्यातल्या बहुतेकांनी भोगलेलं आहे. पिवळी पट्टी आली की 'एनेबल एडिटिंग' दाबायचं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात शिरत नाही. कोणीतरी 'फायनल' म्हणून मार्क केलेली फाइल असेल तर 'एडिट एनीवे' म्हटलं की विषय संपतो. मी बोलतोय ते याच्या पलीकडच्या केसबद्दल, म्हणजे फाइल आपली, फोल्डर आपला, तरी टाइप केलेलं सेव्ह होत नाही आणि कारण कळत नाही.

अशा वेळी रस्ते दोनच. एक, सेव्ह अ‍ॅज करून नव्या नावाने कॉपी काढायची आणि पुढे जायचं. दुसरा, मूळ फाइल कोणी धरून म्हणजे लॉक करून ठेवलीये ते शोधायचं आणि तिलाच सोडवायचं.

कॉपीवाल्या रस्त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण कित्येक वर्षं मी तेच करत होतो. वीस सेकंदांत काम सुरू होतं, डोकं लावावं लागत नाही, आणि मेलमध्ये किंवा झिपच्या आतून थेट उघडलेल्या फाइलसाठी तर तोच बरोबर इलाज आहे, कारण ती मुळात टेंपररी फोल्डरमधून उघडलेली असते, तिथे सोडवायला काही नसतंच. दहा मिनिटांत काहीतरी पाठवायचं असेल तर मीही आज कॉपीच काढीन.

पण माझं मत फिरलं ते एकाच प्रकारामुळे. एका मोठ्या अहवालाचं काम चालू होतं. फाइल रीड-ओन्ली उघडली, मेसेज होता की अमुक युजरने लॉक केलीये, आणि तो अमुक युजर म्हणजे मीच! काखेत कळसा म्हणतात तसं. फार विचार न करता शेवटी 'नवीन' लावून कॉपी काढली आणि दोनेक तास त्यात काम केलं. दुसऱ्या दिवशी सवयीने अलीकडच्या फाइलींच्या यादीतून अहवाल उघडला, तर तो मूळचा, आणि आता लॉक आपोआप गेलेलं, फाइल निमूटपणे एडिट होत होती, मग मी तिच्यातही अर्धा दिवस काम केलं. संध्याकाळी लक्षात आलं की कालचा मजकूर एका फाइलमध्ये आहे आणि आजचा दुसऱ्या, आणि दोन्हीत मी तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात वेगवेगळी लिहून ठेवलीये. रिव्ह्यूमधलं 'कंपेअर' वापरून दोन्ही जुळवताना जो वेळ गेला त्यात लॉक दहा वेळा शोधून झालं असतं.

गंमत म्हणजे लॉकचं कारण किरकोळ होतं. फाइल एक्सप्लोररमध्ये उजवीकडे प्रिव्ह्यूचा कप्पा चालू होता, मी फाइलवर एकदा क्लिक केलं की तो कप्पा ती वाचायला धरून ठेवायचा, आणि मग डबल क्लिक केलं की एडिटरला वाटायचं फाइल कोणीतरी उघडलीये. ऑल्ट आणि पी दाबून तो कप्पा बंद केला आणि तो त्रास गेला. कॉपी काढत बसलो असतो तर हे कधी कळलंच नसतं, दर आठवड्याला एक 'नवीन', एक 'नवीन २' तयार होत राहिले असते.

आता शोधायचा रस्ता वाटतो तितका अवघड नाही. माझी पहिली चाचणी एकदम गावठी आहे: एडिटरची खिडकी बंद करून फाइलचं नाव बदलून बघायचं. बदललं तर ती कोणी धरलेली नाही, कारण दुसरीकडे आहे. नाही बदललं तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच सांगतं की फाइल अमुक प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. मग टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बघायचं, खिडकी बंद दिसत असली तरी वर्ड किंवा लिबरऑफिस (वर्डसारखंच, पण मोफत) मागे तसंच अडकून बसलेलं असतं, ते बंद करायचं. तिथेही सापडलं नाही तर विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयूच्या पानावर हँडल (प्रोग्रॅमने फाइलवर ठेवलेली पकड) शोधायची चौकट असते, तिथे फाइलचं नाव टाकलं की कोणती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, धरून बसलीये ते दिसतं.

मधेच क्रॅश झालं असेल तर मात्र वेगळी गोष्ट बघायची. वर्ड फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल बनवतं, तिच्या नावाआधी ~$ असतं आणि नाव मोठं असेल तर पहिली दोन अक्षरं ती खाऊन टाकते, म्हणून माझ्या 'वार्षिक अहवाल' शेजारी '~$र्षिक अहवाल' असं तुटकं नाव दिसलं होतं आणि मला आधी वाटलं व्हायरस आहे. तिच्यात कोणी उघडलंय त्याचं नाव लिहिलेलं असतं. नीट बंद झालं की ती जाते, क्रॅश झालं की कधी कधी मागे राहते आणि मग स्वतःचीच फाइल स्वतःलाच नाही म्हणते. लिबरऑफिस रायटरही असंच करतं, त्याच्या फाइलचं नाव .~lock. ने सुरू होऊन # ने संपतं, आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता येते. हिडन आयटम्स दाखवा, सगळे एडिटर बंद करा, आणि मग ही उरलेली फाइल उडवा.

इथे एक सावधगिरी. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आत दुसऱ्याचं नाव दिसलं तर आधी त्या माणसाला विचारा. विंडोजवर वर्डची अशी छोटी फाइल खरंच वापरात असेल तर डिलीट व्हायला नकार देते, पण लिनक्सवर अशी फाइल मुकाट डिलीट होते, आणि मग दोघंही सेव्ह करतात आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं.

आणि नाव बदलता येतं, अशी लपलेली फाइलही उरलेली नाही, पण सेव्ह होत नाही, असं असेल तर बहुधा लॉक नाहीच. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण आहे का बघा (फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला तो भरलेला चौकोन मात्र सोडून द्या, तो जवळपास कायमच तसा दिसतो, त्याच्यामागे मी एक दुपार घालवलीये). नाव बदलायलाच परवानगी नाही म्हणत असेल तर कधी मेमरी कार्डाच्या कडेची छोटी कळ लॉककडे सरकलेली असते, किंवा मॅकला एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) डिस्क लावलेली असते, जी तो नुसती वाचतो. आणि ऑफिसचं अ‍ॅक्टिव्हेशन संपलं असेल तर कोणतीच फाइल एडिट होत नाही, तिथे कॉपी काढूनही काही होणार नाही, कॉपीही तशीच उघडते.

अजून एक, जे मला उशिरा कळलं. क्लाउडवरच्या फाइलची जुनी व्हर्जन्स मूळ फाइललाच चिकटलेली असतात, कॉपीचा इतिहास शून्यापासून सुरू होतो. दुसऱ्या डॉक्युमेंटमधून त्या फाइलला लिंक दिली असेल तर ती लिंकही जुन्याकडेच बघत राहते.

तुमचं काम एकट्याचं, एका पानाचं असेल तर कदाचित हे सगळं जास्तच वाटेल, आणि ते बरोबरही असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर आता पाच मिनिटं शोधतो, आणि नाइलाजाने कॉपी काढलीच तर त्याच दिवशी मूळ फाइल सुटली की कॉपीतला मजकूर परत तिच्यात आणतो आणि कॉपी उडवून टाकतो, रात्रभर दोघींना एका फोल्डरमध्ये ठेवत नाही.