३,४०,००० रुपयांची ‘ओरिजिनल वेब्ली’: परवानाधारकांनो, सावध राहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे ३,४०,००० रुपये गेले, दलालाचे १५,००० वेगळेच.

हत्यार .३२ बोअरचं, वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचं. १९८०च्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून असल्या विलायती मालाला मागाल तो भाव मिळतो. विकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला. त्याचा परवाना खरा, सांगाड्यावरचा नंबर परवान्याशी जुळणारा. शस्त्र कायद्याप्रमाणे विक्रीची लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबलो. १,००,००० खात्यावर भरले, २,४०,००० रोख दिले. इतकं सगळं रीतसर असताना माणसाने संशय तरी कुठे घ्यायचा?

संशय घ्यायची जागा एकच होती आणि ती आठवली की अजून डोकं तापतं. कंपनीच्या नावावरून बोट फिरवलं तर अक्षरं गुळगुळीत लागली, कडा बोथट. मी विचारलं, तर तो म्हणाला, “अण्णा, आजोबांच्या हातातलं हत्यार आहे, अक्षरं झिजणारच की!” मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. पण अक्षरं झिजेपर्यंत वापरलेल्या हत्यारावर निळा-काळा रंग कोरा करकरीत कसा राहील? गंजाचे खड्डे घासून काढले होते, त्यात अक्षरंही घासली गेली आणि वरून नवीन ब्ल्यूइंग, म्हणजे तोच निळा-काळा थर, चढवलं.

पुढे बंदुकीच्या कारागिराने सांगितलं, सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चक्र) दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचं आहे, नंबर वेगळा. तेलाने माखलेलं हत्यार दाखवलं तर आधी पुसायला लावा. नळीत उजेड टाकून बघा, आत काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे. रिकामं असल्याची खात्री करून घोडा ओढा, सिलिंडर सहाही घरांवर पक्कं अडकलं पाहिजे, हाताने हलता कामा नये. माझं हलत होतं. कारागिराने किंमत केली ९०,०००, तीही फार झाली म्हणाला.

आता पोलिसांचं ऐका. इकडचं ठाणं म्हणतं, व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, तुमचा परवाना कर्नाटकचा, तिकडेच तक्रार द्या. इकडे परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा! तो आणला, तर रोखीचा पुरावा काय, म्हणून विचारलं. वर एक साहेब म्हणाले, “जुनी वस्तू आहे, बघून घ्यायची होती.” म्हणजे चोर बाजूला आणि जाब मला? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती ठाण्यात देता येते. हे कलम छापून सोबत न्या, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

रोख एक रुपया देऊ नका. कारागीर आपला न्या, दलालाने आणलेला नको. तोच दलाल सध्या चिक्कोडी-संकेश्वर भागात आणखी एक ‘आजोबांची वेब्ली’ दाखवत फिरतोय, भाव ३,७५,००० सांगतोय.