४५ कंद, सात महिन्यांनंतर

वसंतात फुलणाऱ्या फुलांच्या कंदांचं एक मिश्र पाकीट मी घेतलं आणि लावलं. त्या पाकिटावर जे चित्र छापलंय तसं दृश्य बागेत दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते. चित्रात जांभळे क्रोकस, पिवळे डॅफोडिल, निळी मस्कारी, गुलाबी हायसिंथ आणि लाल ट्युलिप एकाच सकाळी फुललेले आहेत. माझ्याकडे क्रोकस उमलले तेव्हा ट्युलिपचं टोकही मातीबाहेर आलं नव्हतं. ट्युलिप उघडले तोवर क्रोकसच्या जागी गवतासारखी लोळलेली पानं उरली होती. दोघांमध्ये तब्बल आठ आठवडे गेले. चित्राला नावं ठेवायची ती ठेवाच, पण मिश्र पाकिटाचा खरा फायदा मला यातच दिसला. एका दिवसाची आतषबाजी होण्याऐवजी दोन महिने रोज सकाळी बागेत जायला निमित्त मिळालं.

पाकिटात क्रोकस १५, मस्कारी १०, डॅफोडिल ८, ट्युलिप ८ आणि हायसिंथ ४ होते. कंद घेताना रंगाआधी आकार बघायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाकिटावरचा छोटासा आकडा म्हणजे कंदाचा सेंटिमीटरमधला घेर. माझ्या ट्युलिपवर १२ लिहिलं होतं, ते ठीकच निघाले. क्रोकसच्या पुडीवर काहीच लिहिलं नव्हतं आणि त्यातले दोन-तीन अगदीच किरकोळ होते. कंद मोठा असला की आत साठा जास्त, म्हणजे फूलही जोमदार.

हायसिंथचा एक कंद हाताला मऊ लागला. टाकून देण्याआधी कुतूहलाने तो सुरीने उभा कापला. अर्धा भाग कुजलेला होता, पण उरलेल्या अर्ध्यात पापुद्र्यांच्या मधोमध इवलासा फुलोरा स्पष्ट दिसत होता, प्रत्येक कळीचा दाणा वेगळा. सात महिन्यांत मी जे काही शिकले ते त्या कापलेल्या कंदात होतं. पहिल्या वर्षीचं फूल आपण घडवत नाही, ते आतून तयार होऊनच येतं. मागच्या हंगामात ज्याने कंद पोसला त्याचं ते श्रेय. आपल्याकडे फक्त ते बिघडवायचं काम असतं, आणि त्यात मी बऱ्यापैकी यश मिळवलं.

(हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला. त्याच्या सालीत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. मी उघड्या हातांनी लावले आणि संध्याकाळभर बोटं खाजवत बसले.)

लावण्याच्या सूचनेत सगळ्यांसाठी एकच खोली दिली होती, १५ सेंटिमीटर. ही चूक आहे. कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल, हा हिशेब धरा. म्हणजे डॅफोडिलला १५ बरोबर, पण क्रोकसला सात-आठ पुरे. माती भुसभुशीत हवी आणि पाण्याचा निचरा होणारी. पाणी साचलं की कंद संपला. लावल्यावर एकदा भरपूर पाणी दिलं, पुढे माती सुकली तरच. क्रोकसची वरची बाजू कुठली ते मला काही कंदांवर कळलंच नाही, ते आडवे टाकले. तेही आले. कोंब आपला वरची वाट शोधतो, आणि क्रोकसची काही मुळं आकसून कंदाला हवं तेवढं खाली ओढून घेतात.

मग वाट बघणं. चौथ्या आठवड्यात मस्कारीची पानं भर थंडीच्या तोंडावर वर आली आणि मी घाबरले. सगळं चुकलं, आता गारठ्यात जळणार असं वाटलं. पण मस्कारीची ती रीतच आहे, पानं आधी आणि फूल कितीतरी नंतर. दहाच्या दहा फुलली. या पाकिटातलं सगळ्यात कमी कौतुक होणारं आणि सगळ्यात बिनतक्रार झाड तेच.

खारींनी मात्र पहिल्याच पंधरवड्यात वाफा उकरला. क्रोकसचे दोन आणि ट्युलिपचा एक गेला. नंतर वाफ्यावर तारेची जाळी अंथरून कडेला दगड ठेवले, तेव्हा थांबल्या. शेजारीच लावलेल्या डॅफोडिलला त्यांनी तोंडही लावलं नाही. डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर हे लक्षात ठेवा, कारण हा कंद कांद्यासारखाच दिसतो.

पंधराव्या आठवड्यात पहिला क्रोकस उमलला. सकाळी पाहिला तर मिटलेला, पेन्सिलीसारखा. फोटो काढायला गेले तर ढग आलेले आणि फूल बंद. तीन दिवस हाच खेळ. उन्हाची ऊब लागली की पाकळ्या उघडतात आणि गारवा आला की मिटतात, हे पुढे ध्यानात आलं. मग भर दुपारी, ऊन अगदी वर असताना गेले. १३ फुलं सताड उघडी होती आणि त्यात दोन मधमाश्या केशरी परागात लडबडलेल्या. त्या दिवसांत बागेत दुसरं काहीच फुललेलं नव्हतं, त्यामुळे एवढ्या तेराच फुलांवर त्यांची येजा चालली होती. पाकिटाचे पैसे मी त्या दुपारीच वसूल धरले.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "यातून केशर निघतं का?" नाही. केशराचा क्रोकस वेगळा, तो शरद ऋतूत फुलतो. हे वसंतातले क्रोकस फक्त बघायचे, काही तोडून चाखायचं नाही.

डॅफोडिल चार आठवड्यांनी आले. आठांपैकी सात फुलले, एकाला नुसती पानं. हायसिंथ तीन उरले होते. दोन छान निघाले, तिसऱ्याचा दांडा वाढलाच नाही, फुलोरा पानांच्या खोबणीत बसून तिथेच उमलला. तो मी भिंतीलगतच्या उबदार कोपऱ्यात लावला होता. दांडा लांबायला पुरेशी थंडी लागते, ती तिथे मिळाली नसावी. वास मात्र तिन्हींचा सारखाच दणकट. खिडकीखाली लावा. घरात आणू नका, डोकं धरतं. हे माझं मत, आमच्याकडे यावर दोन तट आहेत.

आता ट्युलिप. जरा हुशारी करून चार जमिनीत लावले आणि चार कागदी पिशवीत घालून १४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवले. उशिरा कुंडीत लावून हंगाम लांबवायचा बेत होता. जमिनीतल्यांपैकी खारीने सोडलेले तिन्ही फुलले. फ्रिजमधल्या चारांपैकी एक. बाकी तिघांची पानं धडधाकट आली, पण मधे कळीच्या जागी वाळकी कागदी चिमूट. कारण शोधलं तर ते सफरचंदांपाशी पोहोचलं. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो कंदातली कळी मारतो. पिशवीशेजारी सफरचंदं कुणी ठेवली यावर घरात चर्चा झाली. मीच असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

फुलं संपली की अनुभव संपला असं वाटलं होतं. खरं तर तिथून तो सुरू झाला. पुढे सहा-एक आठवडे पिवळी पडत जाणारी, आडवी झालेली पानं बघत राहायची. बाग अगदी गबाळी दिसते आणि कात्री शिवशिवते. कापायची नाहीत. पुढच्या वर्षीचं फूल ही पानंच आत भरत असतात. पानांची वेणी घालून नीटनेटकं करायचा सल्लाही मिळाला. मी घातली नाही, कारण दुमडलेल्या पानाला ऊन कमी मिळतं. फक्त सुकलेलं फूल खुडायचं, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. दांडा ठेवायचा.

पाचपैकी द्यायचे तर क्रोकस आणि मस्कारीला पाच, डॅफोडिलला साडेचार, हायसिंथला तीन. ट्युलिपला दोन. फुलांना दोष नाही, पण पहिल्या वर्षीसारखं ते पुन्हा क्वचितच येतं असं अनुभवी लोक सांगतात, आणि त्यासाठी खारींशी वैर घ्यायची माझी तयारी नाही. पाकिटाला म्हणाल तर तीन. एक कुजका कंद, चुकीची खोली, आणि "पांढरा" लिहिलेला एक हायसिंथ ठार जांभळा.

सध्या वाफ्यात वर काहीही दिसत नाही. पानं परवा सुटून हातात आली. जिथे जिथे कंद आहेत तिथे काड्या रोवून ठेवल्यात, कारण मागच्याच आठवड्यात रिकामी जागा समजून मी खुरपं घातलं आणि एक डॅफोडिल अर्धा झाला. तो फुलला नव्हता तोच असावा अशी आशा आहे.