नॉनेल की इलेक्ट्रॉनिक? लातूर-धाराशिवकडच्या खाणवाल्यांसाठी

सुरुंग पेटवणारी साधी इलेक्ट्रिक कॅप (डिटोनेटर) 1 एप्रिल 2025 पासून कायद्यानेच बंद झाली. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागलं की विजेने कॅप आपोआप उडेल या धास्तीने दारू भरलेल्या भोकांपाशी उभ्या माणसाचा जीव टांगणीला लागायचा. गेली ते बरंच झालं. आता निवड नॉनेल आणि इलेक्ट्रॉनिक या दोन कॅपांतच.

नॉनेल म्हणजे बारीक प्लास्टिकची नळी, आतून स्फोटक पावडरीचा पातळ लेप. त्यातून लहर सेकंदाला सुमारे 2000 मीटर धावते. भोक किती उशिराने उडायचं तो विलंब मात्र कॅपमधला मसाला किती वेळ जळतो त्यावर ठरतो, आणि तो दोन-तीन टक्के मागेपुढे होतोच. म्हणजे 250 मिलीसेकंदांची कॅप पाच-सात मिलीसेकंद लवकर किंवा उशिरा उडते.

एवढ्याने काय बिघडतं? आपल्याकडे भोकाभोकांत 17 आणि ओळीओळींत 42 मिलीसेकंद ठेवायची पद्धत आहे. कागदावर मांडून बघा: पहिल्या ओळीतलं सहावं भोक 85 वर उडतं, तिसऱ्या ओळीतलं पहिलं 84 वर. त्यात कॅपचं मागेपुढे होणं धरलं, तर आणखी कोणती भोकं एकत्र उडतील याचा भरवसा नाही. आठ मिलीसेकंदांच्या आत उडालेली भोकं एकच सुरुंग धरतात. म्हणजे तुम्ही हिशेब एका भोकाच्या दारूचा केला आणि गावाला हादरा दोन भोकांचा बसला.

तो हादरा जातो कुठे, तर माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छपराच्या घरात. आढ्यातली पांढरी माती भाकरीच्या ताटात पडते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत अशाच जड छपरांखाली माणसं गाडली गेली. त्या माणसांची भीती खोटी नाही. तिला तक्रारखोरपणा म्हणू नका.

इलेक्ट्रॉनिक कॅपला एकेका मिलीसेकंदाने वेगळी वेळ देता येते आणि ती जवळपास तंतोतंत पाळली जाते. शिवाय उडवण्याआधी यंत्र प्रत्येक कॅप तपासतं. निसटलेलं भोक आधीच कळतं. नॉनेलमध्ये जोडणी फक्त डोळ्यांनी बघायची. किंमत मात्र कित्येक पट जास्त, आणि शिकलेला माणूस हवाच. त्या किमतीसमोर सुरुंगात नीट न फुटलेले मोठे दगड (बोल्डर) ब्रेकरने फोडायचे तास आणि डिझेल मांडून बघा.

पण वर मांजऱ्या (मऊ खडक) आणि खाली काळा पाषाण असेल, तर स्फोटाचा वायू मऊ थरातूनच निसटतो. तिथे महागडी कॅपही काही करू शकत नाही. भोकाचं तोंड मातीऐवजी बारीक खडीने नीट भरा.

माझं मत: गाव लांब आणि भोकं एक-दोन ओळींतली असतील तर नॉनेल पुरे. गाव हाकेच्या अंतरावर असेल किंवा तीन-चार ओळी एकदम घ्यायच्या असतील तर इलेक्ट्रॉनिकच घ्या. दोन्हीत कंपनमापक सर्वांत जवळच्या घराच्या पायाशी लावा. कंपन 8 हर्ट्झच्या खाली असेल तर मर्यादा सेकंदाला फक्त 5 मिलिमीटर आहे.