आतल्या बाथरूमसाठी इनलाइन डक्ट फॅन: अ‍ॅक्सियल, मिक्स्ड फ्लो की सेंट्रिफ्यूगल?

ज्या बाथरूमची एकही भिंत बाहेरच्या हवेला लागून नाही, तिथे खिडकीत बसणारा नेहमीचा एक्झॉस्ट फॅन उपयोगाचा नसतो. दमट हवा फॉल्स सीलिंगमधून किंवा माळ्यावरून पाइपने दोन-चार मीटर न्यावी लागते आणि मग इमारतीच्या डक्टमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीतून सोडावी लागते. या पाइपच्या वाटेतच बसणारा पंखा म्हणजे इनलाइन डक्ट फॅन. तो तीन घडणींत मिळतो आणि तिन्हींत १०० मिलिमीटरचे, म्हणजे चार इंची, मॉडेल असते. त्यामुळे ग्राहकाला तिन्ही एकाच कामाचे वाटतात आणि निवड किमतीवर होते.

ठाण्याच्या आमच्या घरी मीही तेच केले. सर्वांत स्वस्त अ‍ॅक्सियल पंखा आणला, खोक्यावर ताशी १०० घनमीटर असे छापले होते. बसवल्यावर पंखा फिरल्याचा आवाज येत होता, पण जाळीला लावलेला टिश्यू पेपरचा एक पदरही तो धरून ठेवत नव्हता. पावसाळा संपेपर्यंत छताच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आले. शेवटी सीलिंगचे झाकण काढून पाहिले, तेव्हा दोन मीटरच्या अंतरासाठी चारएक मीटर लवचीक अ‍ॅल्युमिनियम पाइप न ताणता, नागमोडी पसरून ठेवलेला दिसला. त्याच्या मधल्या झोळात वाटीभर पाणी साचले होते.

खोक्यावरचा आकडा पंखा मोकळ्या हवेत, पाइप न जोडता चालवला तर मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. पाइप जोडला की विरोध सुरू होतो आणि मग पंखा किती दाब निर्माण करू शकतो, हा खरा प्रश्न उरतो. हा दाब पास्कलमध्ये मोजतात. बाथरूमची गरज तशी मोठी नाही: अमेरिकेतील अ‍ॅश्रे या संस्थेच्या ६२.२ क्रमांकाच्या मानकानुसार लागेल तेव्हा चालवायच्या पंख्याने किमान ५० सीएफएम, म्हणजे ताशी सुमारे ८५ घनमीटर हवा बाहेर टाकावी. एवढी हवा १०० मिलिमीटरच्या पाइपमधून सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाने जाते. गुळगुळीत पीव्हीसी पाइपमध्ये त्या वेगाला मीटरमागे एक-दीड पास्कल विरोध होतो, प्रत्येक एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, आणखी दोन-तीन पास्कल, शिवाय जाळी आणि उलट हवा रोखणारी झडप यांचा विरोध वेगळा. न ताणलेल्या लवचीक पाइपमध्ये हाच विरोध कित्येक पटींनी वाढतो, कारण हवेला प्रत्येक चुणीवर घासत जावे लागते.

आता तिन्ही घडणी शेजारी ठेवून पाहू. अ‍ॅक्सियल पंख्याची पाती साध्या टेबल फॅनसारखी असतात आणि हवा सरळ पुढे ढकलतात. तो आकाराने लहान, किमतीला हलका आणि विजेलाही पंधरा-वीस वॅटच घेणारा असतो, पण १०० मिलिमीटरच्या मॉडेलचा कमाल दाब सहसा ५० पास्कलांच्या आतच असतो, आणि कमाल दाब म्हणजे ज्या दाबाला प्रवाह शून्य होतो तो दाब. पाइप मीटरभराचा, सरळ आणि कडक असेल तर हा पंखा पुरतो. दोन वळणे आली की मी तो सुचवणार नाही. मिक्स्ड फ्लोच्या पात्यांची रचना हवेला पुढे ढकलता ढकलता बाहेरच्या बाजूलाही फेकते, त्यामुळे त्याच व्यासात दाब साधारण १०० ते २०० पास्कलांपर्यंत जातो आणि वीज पंचवीस-तीस वॅटच्या आसपास लागते. सेंट्रिफ्यूगल पंखा हवा पूर्णपणे कडेला फेकून पुन्हा पाइपमध्ये वळवतो. दाबात तो सर्वांत वरचढ, परंतु त्याचे पोट पाइपच्या दुपटीहून रुंद असते. आपल्याकडच्या फॉल्स सीलिंगमध्ये अनेकदा आठ-नऊ इंचच जागा मिळते, तिथे तो बसतच नाही. सात-आठ मीटरचा पाइप, दोन बाथरूमसाठी एकच पंखा किंवा हवेच्या वाटेत गाळणी असेल तरच त्याचा विचार करावा.

पाइप बाहेरच्या भिंतीतून काढणार असाल तर वाऱ्याचाही हिशेब धरायला हवा, आणि याकडे फार कमी जण लक्ष देतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा थेट भिंतीवर आदळला तर तो सुमारे ६० पास्कलांचा दाब देतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः वरच्या मजल्यांवर आणि नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या भिंतीवर, जून-जुलैमध्ये असे झोत वारंवार येतात. म्हणजे बुरशीची भीती सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच महिन्यांत अ‍ॅक्सियल पंखा वाऱ्यापुढे हार मानतो. त्या घरांसाठी मिक्स्ड फ्लो हीच किमान पायरी समजावी आणि बाहेरच्या टोकाला झडप व पावसाला अडवणारी टोपी लावावी. कबुतरांसाठी जाळी लावाल ती मोठ्या छिद्रांची असावी. डासांची बारीक जाळी थोड्याच दिवसांत धुळीने आणि केसांनी बुजते.

आवाजाच्या आकड्यांची तुलना करताना ते किती अंतरावरून मोजले आहेत हे आधी पाहावे. तोच पंखा दीड मीटरऐवजी तीन मीटरवरून मोजला तर मोकळ्या जागेत आकडा सहा डेसिबलनी कमी येतो. पंखा बाथरूमच्या जाळीलगत न बसवता पाइपच्या बाहेरच्या टोकाकडे, रबरी वॉशरवर बसवला, तर आवाज कमी ऐकू येतो आणि घराच्या आतला बहुतेक पाइप ओढीखाली राहिल्याने सांध्यांतून दमट हवा सीलिंगमध्ये पसरत नाही. पंख्याखाली ट्रॅपडोअर, म्हणजे सीलिंगमध्ये उघडता येणारे झाकण, मात्र ठेवायलाच हवे. अनेक मिक्स्ड फ्लो मॉडेलांत पाइपचे सांधे तसेच ठेवून क्लिप किंवा क्लॅम्प उघडून मोटर खाली काढता येते, आणि पाती दर वर्षी पुसायची असतील तर ही सोय पैसे मोजण्याजोगी आहे.

महागड्या ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या, मोटरचा निर्णय वापराच्या तासांवर घ्यावा. पंचवीस वॅटचा साधा पंखा रोज तासभर चालला तर महिन्याला पाऊण युनिट वीज लागते. त्यात वाचवण्यासारखे काही नाही. तोच चोवीस तास चालला तर १८ युनिट होतात, आणि मंद गतीवर कमी वीज घेणारी ईसी मोटर तेव्हा आपली किंमत हळूहळू भरून काढते. आमच्यासारख्या घरात साधी मोटर आणि आंघोळीनंतर वीस मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर हीच जोडी योग्य.

१५० मिलिमीटरच्या पाइपचे क्षेत्रफळ १०० च्या सव्वादोन पट असते, म्हणून जागा असेल तर पाइप मोठा घालणे केव्हाही चांगले. आहे त्याच अरुंद पाइपवर दुप्पट क्षमतेचा पंखा बसवल्यास प्रवाह दुप्पट व्हायला विरोध चौपट सोसावा लागतो, आणि हाती मुख्यतः आवाज येतो. स्वयंपाकघरासाठी यांतला कोणताही पंखा घेऊ नये. फोडणीचे तेल पात्यांवर आणि पाइपमध्ये चिकटते, ते काम चिमणीचे आहे.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर मात्र यांपैकी एकही पंखा आणण्यापूर्वी गिझर बाहेर हलवावा. बंद दारामागे ओढ निर्माण करणारा पंखा गिझरच्या नळीतून बाहेर जायचा धूर उलट आत खेचू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंखा जितका ताकदवान तितका हा धोका मोठा. हवा आत यायला दाराखाली दीड-दोन सेंटिमीटर फट ठेवणे आवश्यकच आहे, परंतु गॅस गिझर आत ठेवण्यासाठी ती फट पुरेशी मानू नये.

आमच्याकडे नंतर लवचीक पाइप काढून कडक पीव्हीसी पाइप बाहेरच्या दिशेने किंचित उतार देऊन घातला आणि १०० मिलिमीटरचा मिक्स्ड फ्लो पंखा लावला. आता टिश्यू जाळीला घट्ट चिकटून बसतो, आणि बाथरूमचे दार पूर्ण लावून, दाराखालच्या फटीवर पायपुसणे टाकले की लगेच सैल पडतो.