डेबियनवर कोहा: खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचा अनुभव

सीमाभागातल्या छोट्या मराठी वाचनालयांना माझं सांगणं आधीच सांगून टाकते. ग्रंथालयासाठी कोहा हे सॉफ्टवेअर घ्या, ते डेबियन या लिनक्सवरच बसवा, आणि देवनागरीतला शोध नीट केल्याशिवाय एकही पुस्तक त्यात चढवू नका. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला कुणीही सांगेल. तिसरी कुणी सांगत नाही, आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

मी दिवसा शाळेत संगणक शिकवते आणि संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसते. आमचं गाव खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुस्तकं चार हजारांच्या आसपास, बहुतेक मराठी. एक कपाट कन्नड आहे आणि वरच्या फळीवर थोडी इंग्रजी पाठ्यपुस्तकं. आजवर सगळा कारभार जाड नोंदवहीत चालायचा. एक एक्सेलची यादीही होती, पण ती कुणीतरी जुन्या फॉन्टात टाईप केलेली. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची.

कोहा म्हणजे ग्रंथालयाचं पूर्ण सॉफ्टवेअर: नोंदणी, देवघेव, सभासद, दंड, वाचकांसाठी शोधाचं पान, सगळं त्यात आलं. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी १९९९ साली ते लिहायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत चालू झालं. आज ते जगभर वापरलं जातं. जीपीएल या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे फुकट आहे, आणि त्याचा आतला कोड उघडून बघता येतो. आमच्यासारख्यांना हे दुसरं जास्त मोलाचं. बेळगावच्या कॉलेजांमध्ये इन्फ्लिबनेट या संस्थेचं सोल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बघितलेले लोक विचारतात, ते का नको? कॉलेजाला ते बरोबर आहे. आम्हाला मात्र दरवर्षीच्या पैशाची गोष्ट परवडत नाही. शिवाय उद्या मी इथं नसले तरी दुसऱ्या कुणाला शिकून पुढे चालवता यावं, अशी गोष्ट हवी होती.

संगणक जुनाच घेतला: आय-थ्री, आठ जीबी रॅम, त्यात नवीन एसएसडी टाकली. चार जीबीवरही छोट्या वाचनालयाचं भागतं, पण कंजूषपणा करायचा नसेल तर आठ घ्या. डेबियन १२ बसवलं, तेही पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं काही न घेता, नुसतं सर्व्हर म्हणून. ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. दीर्घकालीन आधार धरून जून २०२८ पर्यंत तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. वाचनालयाला एवढं पुरे, दर वर्षी सगळं खोलून बसायला इथं कुणाला वेळ नाही.

आता मुख्य काम. डेबियनच्या स्वतःच्या भांडारात, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून उतरवून घेतात त्या जागी, कोहा मिळत नाही, ते कोहा समाजाच्या भांडारातून आणावं लागतं. बाहेरचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर आणताना जी काळजी घ्यायची, ती सगळी इथं घ्या. त्यांची चावी, म्हणजे सॉफ्टवेअर त्यांचंच आहे हे तपासायची डिजिटल खूण, घेऊन ती ‘आप्ट’ या डेबियनच्या सॉफ्टवेअर आणणाऱ्या साधनाच्या ‘कीरिंग्ज’ फोल्डरात ठेवा, आणि ही चावी फक्त याच भांडारासाठी चालेल असं यादीतल्या ओळीत लिहा. जुन्या माहितीत ‘आप्ट-की’ वापरायला सांगतात, ते करू नका. त्या पद्धतीनं घातलेल्या चावीवर संगणक सगळ्याच भांडारांसाठी विश्वास ठेवतो, म्हणजे पाहुण्याला अख्ख्या घराची किल्ली दिल्यासारखं होतं. दुसरं, भांडाराच्या ओळीत ‘स्टेबल’ असा शब्द न घालता आवृत्तीचा आकडा घाला. आम्ही २४.११ घातला. ‘स्टेबल’ घातलं की कोहाची पुढची मोठी आवृत्ती आली त्या दिवशी तुमचं वाचनालयही आपोआप तिच्याकडे सरकतं, आणि ते तुम्हाला अपडेट करताना कळतं. आकडा घातला की कधी सरकायचं ते तुम्ही ठरवता. आवृत्त्यांची नावं वर्ष आणि महिन्यावरून असतात आणि दर मे-नोव्हेंबरला नवी येते, म्हणून हिशेब ठेवायला सोपं.

एकदा भांडार नीट जोडलं की बाकीचं डेबियन स्वतः करतं, आणि या ठिकाणी मी डेबियनवर खरंच खूश झाले. कोहा पर्ल भाषेत लिहिलेलं आहे आणि त्याला पर्लचे शेकडो तुकडे लागतात. एक कमांड दिली की ते सगळे, अपाची हा वेब सर्व्हर, त्याला लागणारं सगळं ओळीनं येऊन बसतं. मारियाडीबी, म्हणजे नोंदी साठवणारा डेटाबेस, वेगळी सांगून घ्यायची. पर्लचा एखादा तुकडा कमी पडतो असं वाटलं तर सीपॅन या पर्लच्या इंटरनेटवरच्या साठ्यातून थेट ओढून आणायचा मोह टाळा. डेबियनला त्याचा पत्ता नसतो, आणि पुढच्या अपडेटला दोघांची भांडणं लागतात.

मग एका कमांडनं ग्रंथालय तयार होतं. वाचकांचं पान साध्या ८० नंबरच्या पोर्टवर, कर्मचाऱ्यांचं ८०८० वर. अपाचीच्या ‘पोर्ट्स’ फाईलमध्ये ८०८० वर ऐकत राहा अशी ओळ स्वतः घालावी लागते. ती नसली तर वाचकांचं पान छान उघडतं आणि कर्मचाऱ्यांचं उघडतच नाही. अपाचीचे रीराईट आणि सीजीआय हे मॉड्यूलही चालू करावे लागतात. माहितीच्या पानांवर हे सगळं लिहिलेलं आहे, पण तुकड्या-तुकड्यात विखुरलेलं. नवख्या माणसाला एका जागी मिळत नाही, ही कोहाबद्दल माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार मोठी आहे. बसवून झालं, चाचणीसाठी थोडी पुस्तकं चढवली, आणि शोधात ‘कुस्ती’ टाकलं. यादी रिकामी. ‘भात’ टाकलं तर भलतीच पुस्तकं. पुस्तकं आत आहेत, नाव बरोबर आहे, तरी सापडत नाहीत. आमच्याकडे येणारा वाचक लेखकाचं नाव घेऊन येत नाही. शेतातून येऊन सरळ विचारतो, “बाई, भातावरच्या रोगाचं ते पुस्तक हाय न्हवं?” त्याला तिथल्या तिथं उत्तर मिळालं नाही तर तो दुसऱ्यांदा विचारणार नाही.

कारण असं की कोहाचा शोध झेब्रा नावाच्या इंजिनावर चालतो, आणि झेब्रा मुळात युरोपीय लिपींचा अक्षरनकाशा घेऊन बसलेला असतो. देवनागरी, कन्नड अशा लिपींसाठी त्याला आयसीयू नावाची, अनेक लिपी समजणारी व्यवस्था वापरायला सांगावं लागतं. ईटीसीखाली कोहा, त्यात झेब्राडीबी, त्यात पुन्हा ईटीसी असा फोल्डर आहे. तिथं ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ नावाची फाईल आहे. तिच्यात शब्दांच्या आणि वाक्यांशांच्या विभागात ‘चार्मॅप’ची ओळ बंद करून ‘आयसीयूचेन’ची ओळ चालू करायची. मग झेब्रा पुन्हा सुरू करायचा आणि शोधासाठीची अनुक्रमणिका (इंडेक्स) पहिल्यापासून बांधायची. चार हजार पुस्तकांना याला फार वेळ लागत नाही. ‘कुस्ती’ लगेच आली, आणि कन्नडमध्ये ‘ಕೃಷಿ’ टाकल्यावर कन्नड कपाटातली शेतीची पुस्तकंसुद्धा आली. पुढे कधी अपडेटमध्ये संगणकानं विचारलं की तुमची फाईल ठेवू की नवी घेऊ, तर आपलीच ठेवा, नाहीतर शोध पुन्हा मुका होतो.

इथं थांबू नका. मराठीत अजून एक खोच आहे, आणि ती कोहाची चूक नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक तऱ्हा खालच्या टिंबाचा ऱ आणि त्याला हलंत. दुसरी साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, भिंगानं बघितलं तरी फरक दिसणार नाही. संगणकाला मात्र ती वेगवेगळी अक्षरं. आमच्या जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणल्या तेव्हा काही नोंदी पहिल्या तऱ्हेच्या निघाल्या, काही दुसऱ्या. एका तऱ्हेनं शोधलं की दुसऱ्या तऱ्हेची पुस्तकं येत नव्हती. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वारकऱ्यांचा’, ‘कोऱ्या’ असे शब्द किती आहेत बघा. म्हणून चढवण्याआधी एक्सेलमध्येच ‘शोधा आणि बदला’नं सगळे अर्धे ऱ टिंबवाल्या तऱ्हेचे करून घ्या. कोहात नवीन नोंद घालणाऱ्या प्रत्येकाला एकच कळफलक द्या. आम्ही इनस्क्रिप्ट ठेवला. त्यात शिफ्ट दाबून ‘जे’ मारला की टिंबाचा ऱ येतो, मग ‘डी’ मारला की हलंत. वाचनालयात संध्याकाळी मदतीला येणारी दहावीची मुलगी हे एका बैठकीत शिकली, आणि आता तीच इतरांना टोकते.

पुस्तकं चढवण्यासाठी एक्सेलवरून मार्क या ग्रंथालयाच्या नोंदींच्या ठरलेल्या स्वरूपात आणणारं मार्कएडिट हे फुकटचं साधन वापरलं आणि मग कोहातून आयात केलं. भाषेच्या रकान्यात मराठीला ‘एमएआर’, कन्नडला ‘केएएन’ असा संकेत घालायला विसरू नका, त्यामुळे वाचकाला फक्त मराठी किंवा फक्त कन्नड बघता येतं. ड्यूई या ग्रंथवर्गीकरणाच्या पद्धतीप्रमाणे मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड साहित्य ८९४.८१४. इतक्या कपाटांत आम्हाला तेवढंच पुरतं. परदेशी ग्रंथालयांतून नोंदी ओढून घेण्याची सोय कोहात आहे, पण जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक नसतो, आणि बाहेर सापडलेल्या नोंदी बऱ्याचदा रोमन लिपीत असतात. इथं हातानं टाईप करण्याला पर्याय नाही.

देवघेव सुरू करण्याआधी नियमांचा तक्ता भरावा लागतो: कोणत्या सभासदाला किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती. तो रिकामा असला तर कोहा पुस्तक देतच नाही. मराठी अनुवाद बसवून बघितला, मध्येमध्ये इंग्रजी वाक्यं तशीच राहतात. वाचकांच्या पानाला मराठी ठेवलं, कर्मचाऱ्यांचं इंग्रजीच. बारकोडच्या लेबलावर देवनागरी टाकण्याच्या भानगडीत पडू नका, पीडीएफमध्ये जोडाक्षरं नीट येत नाहीत. नुसता नंबर ठेवा, आणि चिकटवल्यावर वरून पारदर्शक टेप लावा. आमच्याकडे पावसात सगळीकडे ओल येते, उघडी लेबलं श्रावणापर्यंत सुटून पडतात.

पावसाचं निघालं म्हणून विजेचं सांगते. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मारियाडीबी अचानक बंद पडूनसुद्धा स्वतःला सावरते. झेब्राची अनुक्रमणिका मात्र कधीकधी बिघडते, मग नोंद उघडते पण शोधात सापडत नाही. पुन्हा बांधली की झालं, पण यूपीएस घ्याच. कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेतं, ही त्याची मला आवडलेली गोष्ट. पण ते फक्त दोनच दिवसांचे ठेवतं, आणि त्याच डिस्कवर ठेवतं. म्हणून दर शनिवारी पेन ड्राइव्हवर काढून घेते, आणि पेन ड्राइव्ह वाचनालयात न ठेवता घरी नेते. डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतात अशी सोय लावली आहे, पण ती सोय बाहेरच्या भांडाराला लागू होत नाही. कोहाच्या दुरुस्त्या हातानंच घ्याव्या लागतात. महिन्यातून एकदा, बॅकअप घेऊन.

कोहात झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हे शोधाचं दुसरं इंजिन वापरता येतं असं तुम्हाला कुणी सांगेल. जावावर चालणारं ते जड काम आहे, जुन्या संगणकाला झेब्राच बरा.

वाचकांना काय मिळालं, तर आता कपाटांसमोर फिरत बसावं लागत नाही. गावातल्या दोन्ही माध्यमांची मुलं एकाच पानावर आपापल्या भाषेत शोधतात. गुरुजी, म्हणजे आमचे अध्यक्ष, सुरुवातीला “वहीच बरी की” म्हणत होते. कोणत्या सभासदाकडे कोणतं पुस्तक कधीपासून अडकलंय याची यादी त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि दुसऱ्याच दिवसापासून घरोघर जाऊन पुस्तकं गोळा करायला लागले. नोंदवही आम्ही अजून ठेवली आहे, वीज नसेल तेव्हा तिच्यात लिहितो आणि नंतर चढवतो.

डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आहे. घाई करू नका. तुमच्या कोहाच्या आवृत्तीला ते चालतं असं कोहाच्याच माहितीत लिहिलेलं दिसेपर्यंत १२ वरच राहा. नवीन बसवणार असाल तर ऑक्टोबरनंतर, पाऊस संपल्यावर काम काढा. डेबियन आणि कोहा एका दिवसात बसतं, यादी शुद्ध करायला मात्र महिने लागतात. त्या कामाला आधी हात घाला.